मुळाचा माग

कोंडाजीचं भाषण कंपनीत सगळ्यांना पाठ होतं. कँटीनमध्ये तो ताट बाजूला सारायचा, दोनदा खाकरायचा, डावा हात टेबलावर पालथा पसरायचा आणि उजव्या हाताच्या बोटानं त्याच्यावरच्या शिरा दाखवत सुरू करायचा, "ह्या बघा, ह्या शिरा म्हंजी झाडाची मुळं. फागुनात पानं झडली की खोडापास्नं पाच पावलं मोजायची आन् गुडघाभर चर खणायचा. अंगठ्याएवढं मूळ घावलं की कोयत्यानं अर्धं कापायचं. अर्धं. पुरं कापलं की लेकरू उपाशी." पेंट शॉपची मंडळी मागच्या टेबलावर बसून हेच सगळं खाकरण्यासकट म्हणून दाखवायची. कोंडाजीचा कोयता मुळापर्यंत पोचायच्या आत तिकडून "अर्धंऽ" असा लांबवलेला सूर यायचा. कोंडाजी चिडायचा नाही. ऐकतात तरी, एवढंच त्याला वाटायचं.

पुढचंही ठरलेलं असायचं. कापल्या जागेला शेण लावायचं, वर माती आणि खत ओढायचं आणि विसरून जायचं. पावसाळ्यात त्या जखमेतून फुटवा वर येतो. वर्षभर त्याला आईच्या दुधावर ठेवायचं. दुसऱ्या साली जेठात आईकडची नाळ तोडायची आणि महिनाभर नुसतं बघायचं. मान टाकली नाही तर आषाढात मातीच्या गड्ड्यासकट उचलून, गोणपाटात बांधून, न्यायचा तिकडं न्यायचा. मुरमाड माळावर, जिथं घागरभर पाण्याची मारामार, तिथं असंच झाड करायचं.

"पण मामा, बीच का लावत नाही?" असं कुणी नवखा विचारायचाच. कोंडाजी त्याचीच वाट बघत असायचा.

"बी म्हंजी जुगार. नर निघंल, मादी निघंल, गोड निघंल, तुरट निघंल. फुटवा म्हंजी तीच आई आन् तीच चव. खोटं वाटत असंल तर वाकीला जावा, आमच्या आक्काच्या बांधावर सहा टेंभुर्णी हायेत. आखितीला पाटी येती."

पाटी खरंच यायची. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी त्याची थोरली बहीण केसरबाई चाकणच्या पलीकडच्या वाकीहून एस्टीनं मोशीला उतरायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी आणि पाटीवर पळसाची पानं. खाली पिवळीधमक टेंभरं, देठाशी टोपी घातलेली, आत चिकूसारखा गर. दुसऱ्या दिवशी टेंभरं कोंडाजीच्या पिशवीतून कंपनीत फिरायची. कोकणातला एक वेल्डर वास घेऊन परत ठेवायचा आणि म्हणायचा, ह्याला आमच्याकडे माकडं खातात. बाकीचे हसत हसत मूठ भरून घ्यायचे.

टेंभरांची ही गोष्ट त्या कंपनीच्याच जमिनीत सुरू झाली होती. कंपनी व्हायच्या आधी तिथं कोंडाजीचा माळ होता. पाऊस बरा झाला तर हुलगा व्हायचा, नाही तर गवत. पण माळाच्या मध्यावर आठ पावलांच्या अंतरानं दोन टेंभुर्णी उभ्या होत्या. एक नर, एक मादी. नराला फळ नाही, पण तो नसेल तर मादीलाही धरत नाही, म्हणून कुणी त्याला कुऱ्हाड लावली नव्हती. मादीची फळं पंचक्रोशीत नावाजलेली. बाकीच्या झाडांच्या टेंभरात सहा-सात बिया आणि घशाला तुरटी, हिच्यात दोनच बिया, आणि खाल्ल्यावर पाणी प्यावंसं वाटायचं नाही.

केसरबाईचं लग्न तेराव्या वर्षी झालं. आखितीला तिला माहेरी आणायला मुराळी म्हणून बाप जायचा तो टेंभरांची पाटी घेऊन. तिची सासू पाटीवरचं पान उचलून बघितल्याशिवाय सुनेला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू द्यायची नाही. "न्या की, पर औंदा टेंभरं बारीक हायेत," असं म्हणून तोंडात एक टाकायची, मग दुसरं टाकायची आणि सून मोकळी व्हायची. केसरबाई तिची ही नक्कल माहेरी येऊन अशी करायची, की बाप पोट धरून बसायचा. बाप गेल्यावर पाटी कोंडाजी न्यायला लागला. सासू गेली, नवरा गेला, केसरबाईच वाकीच्या शेताची मालकीण झाली, तरी मुराळी आणि पाटी चुकली नाही.

बासष्ट साली नोटीस आली. माळ कारखान्याला जाणार, घरटी एकाला नोकरी मिळणार. मोजणीदार येऊन खुंट्या मारून गेला. पुढच्या पाडव्यानंतर तारेचं कुंपण पडणार होतं. कोंडाजीला जमिनीचं तितकं लागलं नाही. हुलग्यासाठी कोण रडतो? पण शिमग्याला केसरबाई आली, दोन्ही झाडांखाली उभी राहिली आणि म्हणाली, "म्हंजी आता पाटी बंद."

"माळ गेला तरी पाटी बंद व्हनार न्हाई," कोंडाजी म्हणाला. "झाडच तुझ्या बांधावर आणून लावतो. नर तुमच्या रानात हायेतच."

बापाकडून शिकलेली विद्या होती. त्यानं गावातले तिघं खणणारे लावले आणि मादीच्या उगवतीला, म्हणजे नराच्या नेमक्या उलट बाजूला, चर खणला. इकडं सापडेल ते मूळ मादीचंच, असा सरळ हिशेब होता. चरात दोन लांबलचक मुळं लागली, चऱ्हाटासारखी सरळ, ओढ्याच्या दिशेनं गेलेली. कोंडाजी खूश झाला. दोन मुळांवर मिळून अकरा जखमा करता येणार होत्या.

केसरबाई चराच्या काठावर बसून बघत होती. तिला ते पटेना. नर जुना आहे, ओढ्याच्या ओलीला त्याचीही मुळं जाणारच, मादीच्या खालून गेली असली तर काय, असं ती म्हणाली. "मूळ धर, आन् हातानं उकरत खोडापतुर जा. कुनाच्या खोडाला लागतंय ते डोळ्यांनी बघ, मंग काप."

आठ-दहा हात मुरूम हातानं उकरायचा म्हणजे अजून एक दिवस गेला असता. तेवढा दिवस होता. पण तिघं खणणारे बघत होते, आणि कारागिराला त्याच्या कामात बाईमाणसानं चूक काढलेली होती. कोंडाजीनं मग तेच केलं जे त्या घरात सगळ्यांना येत होतं. उपरण्याचं टोक दातात धरलं, एक हात कमरेवर ठेवला आणि केसरबाईचा बारीक, हेल काढणारा आवाज काढला, "मूऽळ धर, आन् उकरत उकरत वाकीपतुर ये, भाकरी टाकून ठिवते." खणणाऱ्यांच्या हातातल्या कुदळी गळाल्या. एक जण चरातच बसला. केसरबाईही हसली, डोळ्यांना पदर लावून हसली, आणि काठावरून उठली.

त्यानं कोयता घेतला आणि अकरा जागी कापलं. अर्धं अर्धं.

पुढं सगळं त्याच्या भाषणाप्रमाणेच झालं. पावसात अकराच्या अकरा फुटवे आले, कोवळ्या तांबूस पानांचे. कुंपण पडलं, पण झाडं तोडायला कुणाला सवड नव्हती. चौसष्टच्या जेठात त्यानं नाळा तोडल्या, आषाढात गड्डे उचलले. सहा बैलगाडीनं वाकीला गेले, पाच त्यानं कंपनीच्या गेटपाशी लावले, कारण तोवर तो तिथंच माळी म्हणून लागला होता. दिवाळीनंतर कंपनीनं दोन्ही जुनी झाडं पाडली. कोंडाजी त्या दिवशी कामावर होता. मुकादमानं विचारलं, मामा, तुमचीच ना? कोंडाजी म्हणाला, न्हाई, आमची वाकीला गेली.

कंपनीच्या बागेवर देवस्थळी नावाचे पुण्याचे साहेब होते. प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखं बोलायचे. "हे पाहा कोंडाजी, झाड म्हणजे कसं गोल हवं. चेंडूसारखं. समजलं? समजलं असेल तर मान हलवा." कोंडाजी मान हलवायचा. गेटपाशी टेंभुर्णीचे पाच चेंडू झाले. दर माघात त्यांची कोवळी फांदी न् फांदी कात्रीखाली जायची, म्हणून त्यांना फूल कधी धरलंच नाही.

जिथं जुनी झाडं होती तिथं ऑफिससमोरची हिरवळ केली. ती मात्र त्रास द्यायची. दर पावसाळ्यात गवतातून सात-आठ तांबूस कोंब डोकं काढायचे. झाड जातं, पण मुरमात राहिलेली मुळं जात नाहीत, हे कोंडाजीला ठाऊकच होतं. देवस्थळी चष्मा वर करून म्हणायचे, "हिरवळ म्हणजे हिरवळ. तिच्यात मला दुसरा रंग दिसता कामा नये." कोंडाजी खुरपं घेऊन बसायचा. पहिल्या साली एक कोंब त्यानं दोन बोटांत धरून जरा वेळ ठेवला होता. मग मनाशी म्हणाला, सहा तिकडं हायेत, पाच गेटला हायेत, अजून किती? अर्धवट कापलं तर एकाचे चार होतात, हेही त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? म्हणून तो खोल जायचा आणि कोंब मुळासकट, पुरा काढायचा. असं चौदा पावसाळे चाललं. एकोणऐंशीत हिरवळीवर नवी शेड आली, खाली हातभर काँक्रीट झालं, आणि कोंब यायचे बंद झाले. देवस्थळी तोवर निवृत्त झाले होते.

वाकीची झाडं वाढत होती. कोंडाजी दिवाळीत भाऊबिजेला जायचा, तेव्हा नुसती पानं दिसायची. उन्हाळ्यात जायला मिळायचं नाही. पाणी घालायच्या दिवसांत माळ्याला सुट्टी कोण देतो? शिवाय आखितीला तीच मोशीला यायची. बाहत्तरच्या आखितीला तिनं सांगितलं, फुलं आली. कोंडाजीनं कंपनीत पेढे वाटले. देवस्थळींनी विचारलं, मुलगा की मुलगी? कोंडाजी म्हणाला, सहा मुली.

मग पाऊस गेला. त्या दुष्काळात माघ महिन्यात कोंडाजीची बायको गोजाबाई गेली, दोन दिवसांच्या तापानं. कोंडाजी कामावर जायचा आणि झारी हातात घेऊन उभा राहायचा. पाणी नव्हतंच झारीत. आणि त्र्याहत्तरच्या आखितीला, सगळीकडं जमीन भेगाळलेली असताना, केसरबाई डोक्यावर पाटी घेऊन मोशीला उतरली. टेंभरं! पळसाचं पान बाजूला करून कोंडाजी किती तरी वेळ बघत राहिला. मग गोजाबाई गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवला.

चव निराळी लागली होती. बियाही जास्त होत्या. तो म्हणालाही, "आक्का, जरा तुरट लागतंय गं."

"जमीन बदलली बाबा," केसरबाई म्हणाली. "तुजी न्हाई का बदलली?"

त्याला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. जिभेला कळलेलं होतं, पण पुढची आठ वर्षं त्यानं जिभेला बोलू दिलं नाही. कँटीनमधलं भाषण त्याच साली सुरू झालं.

एक्क्याऐंशीच्या मार्चअखेर तो निवृत्त झाला. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, आणि पेंट शॉपच्या मंडळींनी त्याच्या समोर त्याचंच भाषण शेवटपर्यंत करून दाखवलं. आता उन्हाळा मोकळा होता. आखितीच्या दोन दिवस आधी न कळवता तो वाकीला निघाला. म्हटलं, सतरा वर्षांनी मुराळी होऊ, पाटी बांधावरच भरू आणि आक्काला घेऊन येऊ.

घराला कडी होती. शेजारची म्हणाली, आक्का चाकणच्या बाजाराला गेलीय. कोंडाजी सरळ बांधावर गेला.

सहाही झाडं दोन पुरुष उंच झाली होती, नव्या पानांनी भरलेली. फुलं होती. त्यानं एक फांदी वाकवली. पानाच्या बगलेत तीन फुलं, पुढच्या पानाला चार, पुढच्याला पाच, बारीक, गुच्छानं. त्यानं फांदी सोडली आणि दुसऱ्या झाडाकडं गेला. मादीचं फूल मोठं असतं आणि एकटं बसतं, हे बापानं त्याला सात वर्षांचा असताना खांद्यावर घेऊन दाखवलं होतं. तिसरं झाड बघितलं. चौथं बघितलं. सहाव्यापर्यंत तो सावकाश गेला, जसं काही सहावं तरी त्याचं ऐकणार होतं. गेल्या साली धरलेली फळं आता पिकून लटकायला हवी होती. एक नव्हतं. खाली मातीत एक सुकी टोपीसुद्धा नव्हती.

तो बांधावर बसला. चऱ्हाटासारखी सरळ ती दोन मुळं त्याला दिसत होती. आठ-दहा हात मुरूम उकरायचा होता. तोंडात उपरण्याची चव आली.

टळटळीत उन्हात केसरबाई पायवाटेनं येताना दिसली. सकाळी कांद्याचं गाठोडं नेलं असणार, ते आता नव्हतं. डोक्यावर पाटी होती, पाटीवर पळसाची पानं. भीमाशंकरच्या डोंगरातून ठाकर बाया टेंभरं घेऊन चाकणला उतरतात आणि कांद्यावर देतात, हे कोंडाजीला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक असतं.

तिनं त्याला बघितलं. थांबली नाही, वळलीही नाही. जवळ आली, पाटी खाली ठेवली, चुंबळ सोडली.

"मुराळी आलास व्हय," ती म्हणाली.

"आलो." त्यानं पाटीकडं बघितलं. "कवापास्नं ठावं हाय?"

"पैली फुलं आली तवाच. बाहत्तरला."

"आन् दुष्काळात ह्यास्नी पाणी घातलंस."

"घातलं की. नर हायेत म्हून त्यास्नी तहान लागत न्हाई व्हय?"

तिनं मग सगळं सांगितलं, पाटीशेजारी बसून, पानं सारखी करत. बाहत्तरला तिच्या तोंडून ते निघालं नव्हतं. एक साल थांबू, एखादी तरी मादी निघेल, असं वाटलं. नंतर सांगायचंच म्हणून ती मोशीला उतरली होती ती गोजाबाईच्या दहाव्याला. कोंडाजी दारात बसला होता आणि समोर आलेल्या माणसाला ओळखत नव्हता. ह्याला आता काय सांगायचं, म्हणून तशीच परत गेली. आखितीच्या तोंडावर चाकणला टेंभरं घेऊन बसलेली ठाकरीण दिसली. एकदाच करायचं होतं. पण त्यानं त्या टेंभरांवर पोटभर भाकरी खाल्ली, कंपनीत वाटली, दिवाळीला येऊन तिला स्वतःचं भाषण ऐकवलं.

"एकदा डोक्यावं घेतली पाटी, मंग उतरवायची कुठं?" ती म्हणाली.

तिच्यावर रागवावं असं कोंडाजीला वाटत होतं आणि राग जाऊन बसायला जागा सापडत नव्हती. चराच्या काठावर बसून तिनं सांगितलेलं बरोबर होतं, आणि नऊ वर्षांत त्याची आठवण तिनं एकदाही करून दिली नव्हती.

केसरबाई सहा झाडांकडं बघत होती. मग तिनं विचारलं, आवाज अगदी सहज ठेवून, पण ह्या घरातल्या माणसाला तो सहज नव्हता हे कळणारच होतं. "तितं माळावं काय उरलं नसंल ना रं? एखादं मूळ तरी?"

कोंडाजीला हिरवळ दिसली. बाहत्तरचा तर पाऊसच गेला होता. त्र्याहत्तरचा पावसाळा, चौऱ्याहत्तरचा, पंच्याहत्तरचा. दर साली सात-आठ कोंब. अर्धे नराचे असतील, पण अर्धे तरी मादीचेच. एक वाक्य बाहत्तरला ऐकलं असतं, तर त्यानं सगळे कोंब कुंड्यांतून घरी नेले असते, देवस्थळींच्या नाकासमोरून नेले असते. त्याऐवजी तो गुडघ्यावर बसून, खोल जाऊन, पुरं कापत होता. खुरप्याची मूठ त्याच्या तळव्याला अजून लागत होती.

केसरबाईच्या डोक्यावर, चुंबळीच्या जागी, केस विरळ झाले होते. कोंडाजीनं तिकडं बघितलं.

"न्हाई आक्का," तो म्हणाला. "झाडं पाडली तवाच समदं उकरून काढलं त्यांनी. कायबी उरलं न्हाई."

तिनं श्वास सोडला. "मंग बरं झालं. मला वाटायचं, येळंला सांगितलं असतं तर..." ती तिथंच थांबली आणि पाटीवरचं पान उचललं. "घे. खा."

त्यानं एक टेंभर फोडलं. सात बिया निघाल्या. त्या तळहातावर घेऊन तो तुरट गर चघळत राहिला.

"गोड हाय," तो म्हणाला.

दुपारच्या एस्टीनं दोघं मोशीला निघाली. पाटी ह्या खेपेला कोंडाजीनं मांडीवर घेतली होती. चाकणच्या पुढं कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि वासावरून वाकून बघत म्हणाला, "टेंभरं दिसतात. कुठली ओ मामा?"

कोंडाजी सवयीनं दोनदा खाकरला. डावा हात पाटीवर पालथा पसरला. शेजारी केसरबाई खिडकीबाहेर बघत होती.

"आक्काच्या बांधावरची," तो म्हणाला, आणि हात काढून घेतला.